वाटणीला निघालेली जोडसायकल

मी एक जुनी जोडसायकल आहे, आणि गोड बोलायचं कंत्राट मी घेतलेलं नाही. आपली हकिकत सांगताना समोरच्याला 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. मित्रांनो, मला माणसं आवडत नाहीत. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या आणि एकच घंटी एवढा माझा संसार. या लांबलचक अंगावर मी जन्मभर दोन-दोन माणसं वाहिली आणि त्यांची भांडणं फुकटात ऐकली. त्यात आवडण्यासारखं काय असणार, तुम्हीच सांगा.

माझा जन्मच मुळी रागातून झाला. नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी एक सायकलदुकान होतं. खाली दुकान, वर घर. दुकानदाराला दोन मुलं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघांना एकेक सायकल होती, आणि शाळेतून घरी आधी कोण पोचतं यावरून रोज जुंपायची. एके दिवशी दोघांनी एकाच वेळी एकमेकांच्या चाकात काठ्या घातल्या आणि दोघंही गटारात पडली. त्यांच्या बाबांनी ते पाहिलं. दोन्ही सायकली आत नेल्या, करवतीने मधोमध कापल्या, आणि शेजारच्या वेल्डरकाकांना हाक मारली. संध्याकाळपर्यंत ठिणग्या उडत होत्या आणि दोन्ही पोरं दारात उभी राहून बोंबलत होती.

"आता दाखवा कोण पुढे जातं ते," बाबा म्हणाले.

स्वतःच्या अकलेवर ते भलतेच खूश होते. त्यांना वाटलं भांडण मिटलं. भांडण कसलं मिटतंय! त्याला आता चार पायडलं मिळाली एवढंच.

माझी रीत तुम्हाला माहीत नसेल, तर सांगते. पुढे बसणाऱ्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि घंटी. मागच्याच्या हातातही हँडल असतं, पण ते पुढच्या सीटच्या दांड्याला पक्कं केलेलं. कितीही पिळलं तरी कुठे वळत नाही. चारही पायडलं एकाच चेनने बांधलेली, त्यामुळे एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. मागच्याला रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने सगळं मोठ्याने सांगायचं असतं. 'चढ', 'खड्डा', 'पाय थांबव', 'ब्रेक'. सांगितलं नाही तर मागच्याचा जीव टांगणीला.

थोरली मोठी, म्हणून पुढची सीट तिची. धाकटा सगळं लहानपण तिची वेणी बघत पायडल मारत राहिला. "ही मुद्दाम खड्ड्यातून नेते," असं तो म्हणायचा. "हा नुसते पाय फिरवतो, जोर लावतच नाही," असं ती म्हणायची. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होती.

आमच्या दारातून एक जुना रस्ता नदीच्या काठाकाठाने खोऱ्यात शिरतो. पलीकडच्या अंगाने हमरस्ता झाला तेव्हा मोटारी सगळ्या तिकडे गेल्या. या रस्त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी खांब ठोकले आणि तो चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना सोडून दिला. एक टेकडी चढायची, उतरायची, की पुढची समोर हजर. खाली नदी, कडेला उंच गवत, कुठे हॉर्न नाही की धूर नाही. शहरातली माणसं इथे मन शांत करायला येतात. मन शांत करायला आलेली माणसं किती कर्कश भांडतात हे मी जवळून ऐकलेलं आहे.

या रस्त्यावर घराकडे येताना एक लांब उतार लागतो आणि त्याच्या पोटात वळण आहे. त्या उतारावरच सगळं बिनसलं. पोरं तेव्हा बऱ्यापैकी मोठी झाली होती. उतार सुरू झाला, थोरलीने "पाय थांबव" म्हटलं आणि ब्रेक सोडून दिले. अर्ध्यात धाकट्याच्या सीटचा नट सैल झाला आणि सीट गर्रकन एका बाजूला फिरली.

"ताई, थांब! सीट सुटली! ताई, थांब ना!"

मी शब्द न् शब्द ऐकला. पण उतारावर वारा समोरून येतो. पुढच्याचं बोलणं मागच्याच्या कानात आपोआप येऊन पडतं, मागच्याचं मात्र मागच्या मागे उडून जातं. थोरली मजेत होती. ती थांबली नाही. वळणावर धाकटा फेकला गेला आणि त्याचं उजवं कोपर दगडावर आपटलं. ते कोपर पुन्हा कधी सरळ झालं नाही.

घरी पंचायत बसली. धाकटा म्हणाला, "मी घसा फाडून ओरडलो. हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं." थोरली म्हणाली, "हा ओरडलाच नाही. घाबरला आणि उडी मारली." बाबांनी माझी सैल सीट हलवून पाहिली आणि ती पडल्यामुळे सैल झाली असं ठरवून टाकलं. मग ते हसून म्हणाले, "भित्री भागूबाई!"

थोरली तिथेच बसून नखं कुरतडत होती. ती काही बोलली नाही. ते नाव मात्र घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून शाळेत गेलं, आणि मोठेपणी त्याने चष्म्याचं दुकान टाकलं तेव्हा तिथेही जाऊन पोचलं. त्या दिवसापासून बहीणभावात विस्तव जाईनासा झाला. ते दोघं पुन्हा एकत्र माझ्यावर बसले नाहीत. मी हे सगळं एका वाक्यात निस्तरलं असतं, पण सायकलीला कोण विचारतो?

मग बाबांनी मला भाड्याने द्यायला काढलं. माझ्या उमेदीच्या वर्षांत माझं कौतुक झालं नाही असं नाही. लोक मला बघून "अय्या, किती गोड!" म्हणत आणि माझ्याबरोबर फोटो काढत. नव्याने लग्न झालेली जोडपी तर माझ्यावर तुटून पडायची. निघताना गुलुगुलु, पहिल्या टेकडीवर धुसफूस, दुसऱ्या टेकडीवर एकमेकांच्या आईवडिलांचा उद्धार. परत येताना एकजण मला ढकलत असायचा आणि दुसरी बरंच मागून चालत असायची. माझ्यावर जमलेली लग्नं थोडी, माझ्यावर फिसकटलेली फार. मडगार्डला चिखल तसाच ठेवून जायचे सगळे. चेनला तेल घालावं, एवढंही कुणाला सुचायचं नाही.

बाबा थकले तसं मला दुकानाच्या मागच्या भिंतीला दोन आकड्यांवर उलटं टांगलं. वर एक गोणपाट टाकलं. टायरांना भेगा पडल्या, तारांवर गंज चढला, मागच्या सीटखाली कोळ्याने बिऱ्हाड केलं. मला वाईट वाटत होतं, हे मी लपवत नाही. नदीकाठचा तो रस्ता मला आवडायचा. त्यावरची माणसं तेवढी नको होती.

बाबा गेले आणि वाटणी आली. खालचं दुकान थोरलीला, वरचं घर धाकट्याला. मधला जिना दोघांचा, म्हणून तो कुणीच झाडत नसे. हत्यारं वाटली, खुर्च्या वाटल्या, शिडीसुद्धा मोडून दोन तुकडे करून वाटली. शेवटी राहिले मी. मित्रांनो, मला चालवायची इच्छा दोघांपैकी एकालाही नव्हती. दुसऱ्याला मिळू नये, एवढीच दोघांची तळमळ होती.

"पुढचा भाग माझ्या सायकलचा आहे," थोरली म्हणाली. "तो माझा मला दे."

"घे की. मागचा माझा. बसलोय ना जन्मभर त्याच्यावर."

"मग कापू या."

"कापू या. एक घाव दोन तुकडे."

माझ्या तोंडावर हे बोलणं चाललं होतं. कापलं तर एकीला एक चाक आणि हँडल मिळणार, दुसऱ्याला एक चाक आणि चेन. दोन्ही भंगारात जायच्या लायकीचे. पण ते बोलायचं कुणी?

कापायचं कुणी हाही प्रश्नच होता. धाकट्याने आणलेल्या वेल्डरवर थोरलीचा भरवसा नाही, थोरलीच्या माणसावर धाकट्याचा नाही. दोघांना चालेल असा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे मला जोडणारे वेल्डरकाका. ते म्हातारपणी खोऱ्याच्या मधोमध, त्या बंद रस्त्यावरच्या जुन्या टोलनाक्याच्या खोलीत राहायला गेले होते आणि येणाजाणाऱ्यांच्या सायकली दुरुस्त करत होते. तिथे दोन्ही बाजूंनी गाडी जात नाही. जायचं तर पायी, नाहीतर सायकलवर.

"मी एकटी घेऊन जाते," थोरली म्हणाली.

"हो, म्हणजे वाटेत तू तिचं काय करशील कुणास ठाऊक! मी पण येणार."

अशी मी माझ्याच वाटणीला निघाले. टायर बदलले, चेनला तेल पाजलं. कापायला न्यायचं म्हणून का होईना, पहिल्यांदा माझी इतकी निगा झाली.

सकाळची वेळ होती. गवतावर दव होतं आणि नदीवरून धुकं उठत होतं. माझ्या अंगावर मात्र आग बसली होती. थोरली पुढे, धाकटा मागे. बोलायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं, पण जोडसायकलवर न बोलून चालत नाही. म्हणून ती फक्त कामापुरते शब्द थुंकल्यासारखी टाकत होती. "चढ." "खड्डा." "जोर लाव, मेल्या." "लावतोय." "दिसतंय." लांब उताराच्या जागी आम्ही आलो. तिकडे जाताना तो चढ होता. तिथे दोघांनीही माना फिरवल्या आणि उतरून, एक या बाजूने एक त्या बाजूने, मला ढकलत वर नेलं.

वेल्डरकाका दारात पाटावर बसून एक चाक सरळ करत होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! दोघं एकत्र?"

"कापायला आणलीय," थोरली म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. ते बराच वेळ माझ्या मधल्या जोडावर अंगठा फिरवत बसले. मला वाटलं, आता ते चार शब्द सुनावतील. पण ते कामाचे माणूस. त्यांनी काळा चष्मा डोळ्यावर चढवला, गॅस उघडला, ज्योत पेटवली. ज्योत माझ्या अंगापाशी आली, रंग फुगायला लागला, आणि तेवढ्यात काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी कापतो. पण तुम्ही घरी कसे जाणार?"

मित्रांनो, या दोघांना हे सुचलंच नव्हतं! भांडायच्या नादात जायचा विचार केला, यायचा नाही. अर्ध्या दिवसाची वाट, सायकलीचे दोन तुकडे, आणि एक मैलभर चाललं तर धापा टाकणारी दोन प्रौढ माणसं. काका खो खो हसले. ते हसले म्हणून दोघं आणखी चिडली.

"घरी जाऊन मग कापू," थोरली म्हणाली. "काका, तुम्ही तिकडे या."

"मी या खोलीतून हलत नाही आता. गुडघे गेलेत."

"मग पुढच्या खेपेला आणखी एक सायकल घेऊन येऊ. चल, बस मागे."

"मी नाही मागे बसणार," धाकटा म्हणाला. "बस झालं. मागे बसायचं तर तू बस. नाहीतर काका, आत्ताच कापा, मी चालत जातो."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ऊन चढत होतं आणि पायात नवे बूट होते. ती मागे बसली.

धाकट्याने माझं हँडल हातात घेतलं. वाकडं कोपर बाहेर काढून तो मला नागमोडी नेत होता. थोड्या वेळाने त्याला जमलं. मग मागून थोरली एकदम म्हणाली, "ते घर कधी बांधलं?" सपाटीवर आम्ही हळू जात होतो, म्हणून त्याला ऐकू आलं.

"कुठलं?"

"नदीपलीकडचं. लाल कौलांचं."

"ते आपल्या लहानपणापासून आहे."

"आणि ते बगळे?"

"ते पण."

इतकी वर्षं तिने या वाटेवर फक्त रस्ता बघितला होता, खड्डे आणि दगड. खोरं बघितलं होतं ते त्याने. थोड्या वेळाने ती फणकाऱ्याने म्हणाली, "कधी सांगितलं नाहीस." तो म्हणाला, "कधी विचारलंस?"

मग लांब उतार आला. धाकट्याने "पाय थांबव" म्हटलं आणि ब्रेक सोडले. तो जन्मात पहिल्यांदा पुढे बसून उतार उतरत होता. वारा त्याच्या तोंडावर आपटत होता आणि तो चक्क गात होता. मागे थोरलीचं धाबं दणाणलं. समोर पाठ, हातात न वळणारं हँडल, ब्रेक नाही. "हळू! अरे, ब्रेक लाव! वळण आहे! थांब!" ती किंचाळत होती. मी सगळं ऐकत होते. तो गातच होता. वळण त्याने बरं घेतलं, सपाटीवर आल्यावर ब्रेक लावला आणि हसत मागे वळला. त्याच्या पाठीत धपकन बुक्की बसली.

"बहिरा आहेस का? जीव जाईपर्यंत ओरडतेय मी!"

"कधी?"

"अख्ख्या उतारावर!"

"तू ओरडलीस? शपथ ताई, मला काही ऐकू नाही आलं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तिलाही कळलं. तिचा चेहरा उतरला. पण मी सांगितलं ना, ही दोघं एकमेकांवर विश्वास ठेवणारी नव्हेत.

"खोटं बोलतोयस तू. सूड घेतोयस."

"चल वर. परत उतरू. तू पुढे बस आणि बघ."

भर उन्हात त्यांनी मला ढकलत पुन्हा वर नेलं. ती पुढे बसली, तो मागे. ती ब्रेक सोडून उतरायला लागली, आणि तो ओरडायला लागला. आधी नुसतं "थांब, थांब" केलं. मग शिव्या दिल्या, अगदी मनसोक्त, त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या. मग त्याचा आवाज फाटला आणि तो म्हणाला, "बाबा मला भित्रा म्हणाले तेव्हा तू गप्प का बसलीस?" एवढंच तो वळणापर्यंत पुन्हा पुन्हा ओरडत राहिला.

खाली तिने मला थांबवलं. मान न वळवता विचारलं, "झालास का सुरू?"

"संपलं पण."

तिने हँडल सोडलं. मग मान वळवली.

"काय ओरडत होतास?"

त्याने सांगितलं. शिव्या गाळून, शेवटचं तेवढं. आता वारा नव्हता, तिला सगळं ऐकू आलं.

"मला वाटलं तू खोटं बोलतोस," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. एवढंच नव्हतं. सगळे तुला हसत होते आणि मला बरं वाटत होतं. म्हणून गप्प बसले."

धाकटा रडला नाही, त्याने तिला जवळही घेतलं नाही. आपलं वाकडं कोपर चोळत तो नदीकडे बघत राहिला. राग गेला असता तर मला कळलं असतं, कारण राग गेला की माणूस हलका होतो, आणि तो तेवढाच जड होता. पण थोड्या वेळाने पायडलवर जोर आला, चांगला सणसणीत. त्या माणसाने माझ्यावर मागे बसून पहिल्यांदाच खरा जोर लावला. घरापर्यंत ती दर उतारावर ब्रेक लावून विचारत होती, "ठीक आहे ना मागे?" आणि तो दर वेळी खेकसत होता, "ठीक आहे, पुढे बघ."

जिना अजून कुणी झाडत नाही. मला कापायचंही अजून ठरलेलंच आहे. पुढच्या खेपेला ती आणखी एक सायकल कुणी आणायची यावर दोघांचं एकमत होत नाही, म्हणून मी अखंड आहे. मधल्या जोडापाशी रंग जळाल्याचा डाग आहे, तो कुणी पुसू नका.

मित्रांनो, तुमच्याकडून मला फार काही नको. चेनला तेल घाला, चिखल लावून परत आणू नका, आणि मला गोड म्हणू नका. एकच सांगते. तुमच्यापैकी जे पुढे बसतात, ज्यांच्या हातात ब्रेक आहे, त्यांना मागचा गप्पच आहे असं वाटतं. तो गप्प नसतो. वेग कमी करा, मान वळवा, आणि विचारा. तेवढंही जमणार नसेल, तर माझ्यावर बसू नका.